शाडूच्या चिखलातला तारामासा

तुम्ही नोकरीत नक्की काय करत होता, हा प्रश्न लोकांनी मला आयुष्यभर विचारला आणि मी आयुष्यभर तो टाळला. यंदा वैशाखात आमच्या विभागाच्या प्रमुख, आमच्या बाई, गेल्या. या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल असं माझ्याखेरीज आता कोणी उरलेलं नाही, म्हणून दिवाळी अंकाच्या संपादकांना या खेपेला हो म्हटलं. रोज अर्धं पान लिहितो. बाईंना घाई चालत नसे. त्यांच्याबद्दल लिहिताना ती माझ्याच्यानेही होत नाही.

तर उत्तर असं आहे. मी समुद्राच्या तळाच्या चिखलाचे फोटो बघत असे.

जहाजावरून लांबच लांब तारेला बांधून कॅमेरा खाली सोडतात. तळाशी ठार अंधार. कॅमेऱ्याचा दिवा लखकन पेटतो, फोटो निघतो आणि कॅमेरा थोडा पुढे सरकतो. एका फोटोत जेमतेम एका सतरंजीएवढी जागा येते. तीत असतो चिखल. पुढच्या फोटोत अर्थातच पुढचा चिखल. जीव क्वचित दिसतो. दिसतात ते त्याचे ठसे: कोण बसलं, कोण सरपटलं, कोणी उकरलं. खाली वारा नाही, पाऊस नाही, झाडू मारणारं कोणी नाही, त्यामुळे ठसे महिनोन् महिने टिकतात. लख्ख कडांचा ठसा ताजा, विरघळलेल्या कडांचा शिळा. आमच्या विभागाकडे तारामाशांचे ठसे होते. पाच हातांचा हा प्राणी चिखलात बसला की उठताना आपला छाप सोडून जातो. उथळ छाप असेल तर नुसता बसला होता. खोल असेल आणि मध्ये उकरलेली माती दिसत असेल तर जेवला होता. एवढी आमची विद्या.

आमच्या चाळीत एक हवालदार राहत. ते मला दर रविवारी विचारत, "काय परब, तुमचा तो पाच हातांचा आरोपी सापडला का?"

"नाही, पण माग सापडलाय."

"मग आमच्यासारखंच आहे म्हणा की."

कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एका फोटोत मोठा सुरेख तारा शोधला आणि धावत बाईंकडे गेलो. बाई गिरगावच्या. कडक इस्त्रीचं पातळ, हातात भिंग, आवाज कधी चढलेला नाही. त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, "परब, हात मोजा." मोजले तर पाचाच्या कितीतरी पुढे गेले. "हा तारामासा नाही. बिळातला किडा आहे. बिळात बसूनच सोंड बाहेर काढतो आणि भोवतालची माती सगळीकडून चाटतो. त्याच्या चाटण्याच्या या खुणा. घर न सोडता जेवणारा प्राणी."

"आमच्या चाळीत असे आहेत," मी म्हणालो. बाई हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वाक्य मलाच परत ऐकवलं, तेव्हा कळलं की आवडलं होतं.

ब्याऐंशी सालचा गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला तेव्हा माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत होते. जानेवारीत गिरण्या थांबल्या. उन्हाळा आला तरी भोंगा वाजला नव्हता. घरात पगार माझा एकट्याचा, आणि तोही टेंपररी. नेमक्या त्याच उन्हाळ्यात वरच्या कचेरीतून निरोप आला की आमच्या विभागाचा खर्च कशासाठी चालला आहे हे बघायला एक साहेब येणार आहेत. त्यांना पटलं तर विभाग राहील, नाही पटलं तर बंद.

साहेबांची शंका आधीच आमच्या कानावर आली होती. बाईंचा सगळा भर एका फोटोवर होता. त्यात सहा तारे एका रांगेत उमटले होते. बाईंचं म्हणणं, हा एकाच तारामाशाचा प्रवास आहे: बसला, उठला, पुढे जाऊन पुन्हा बसला. साहेबांचं म्हणणं, हे सहा वेगळे तारामासे कशावरून नाहीत? रेशनच्या दुकानासमोर बसतात तसे रांगेत बसले असतील. आणि ठसेच ठसे आहेत, प्राणी कुठे आहे?

बाईंनी ठरवलं, प्राणी दाखवायचा. जिवंत तारामासा टाकीत सोडायचा आणि तो कसा चालतो, कसे ठसे उमटवतो ते साहेबांना डोळ्यांनी बघू द्यायचं. "किनाऱ्याजवळचा मिळेल," त्या म्हणाल्या. "खोल समुद्रातल्याचा लांबचा भाऊबंद. पण वळण घराण्याचंच असणार."

कचेरीत टाकीत वाळू घातली. वाळूत ठसा राहीना. तळाचा खरा चिखल पावडरीपेक्षा मऊ असतो. तसा चिखल मुंबईत कुठे मिळणार? मी लालबागचा. माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली: वस्त्रगाळ केलेली शाडू माती.

आमच्या चाळीमागे दाजींचा गणपतीचा कारखाना होता. शाडूची पोती नुकतीच येऊन पडली होती. दाजी कानाला कोरणी लावून बसलेले असत, जशी इतर लोक विडी लावतात. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मासा माझ्या मातीत बसणार."

"हो."

"आणि उठणार."

"हो."

"आणि त्याचा पगार तुला मिळणार."

"हो."

"मग माझी काय हरकत आहे?" दाजी म्हणाले. त्यांच्या कारखान्याच्या कोपऱ्यात रंगकामाची जुनी सिमेंटची टाकी होती. ती त्यांनी धुऊन दिली.

तारामासा आणला वरळी कोळीवाड्यातल्या पार्वतीमावशींनी. त्यांच्या घरच्या जाळ्यात असले जीव नेहमी यायचे आणि ते लोक ते फेकून द्यायचे. मावशींनी टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला केलं. "काय रं पोरा, ह्ये खानार हाईस तू?"

"नाही मावशी, अभ्यासाला."

"कसला आभ्यास?"

मी त्यांना तळाचा फोटो दाखवला. त्यांनी तो उलटा धरला, मग सुलटा धरला. "हितं मासलीच नाय! मासली नाय तर येवढा दोर सोडला कशाला?" साहेबांनी विचारलेला प्रश्न वेगळ्या शब्दांत हाच होता. मावशींनी निदान तारामासा दिला, आणि त्याच्या जेवणाला शिंपल्यांतल्या बारीक तिसऱ्याही.

तिसऱ्यांवरून घरात भांडण झालं. बाबा आईपुढे हात ओवाळून मालवणीत म्हणाले, "बघ गो, बघ! आमी पेज पितंव नि ह्येका तिसऱ्यो!"

पण दुसऱ्या दिवशी ते टाकी बघायला आले आणि परत गेले नाहीत.

शाडू समुद्राच्या पाण्यात कालवल्यावर पाणी दुधासारखं पांढरं झालं. ते निवळेपर्यंत आम्ही सगळे टाकीभोवती उकिडवे बसून होतो. मग अडचण अशी की पाणी रोज बदलायला हवं. चौपाटीचं घाण पाणी बाईंना चालेना. वरळीच्या खडकांपलीकडचं पाहिजे. मी हे बाबांना सांगितलं आणि मला वाटतं, संप सुरू झाल्यापासून प्रथमच त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पाळ्या लावल्या.

वरळीच्या बीडीडी चाळीतले त्यांच्या खात्यातले दोघे साचेवाले दुधाच्या कॅनमध्ये पाणी भरून देत. पहिली पाळी ते हातगाडीवरून आणी. दुसरी पाळी जुनं पाणी बादल्यांनी काढी आणि टाकीला ओली गोणपाटं गुंडाळी. रात्रपाळीला काहीच काम नव्हतं, पण रात्रपाळी हवीच असा सर्वांचा आग्रह होता, म्हणून ती नुसती बसून राही. हे सगळे आयुष्यभर भोंग्यावर उठलेले लोक. भोंगा बंद पडल्यावर त्यांचे हात लोंबकळत होते. त्या हातांना पाच हातांचा मालक मिळाला.

"संपावर असून काम करतोस?" कोणीतरी बाबांना टोमणा मारला.

"ह्या काम नाय. मालक पगार देयना, म्हणजे काम कसला?"

"मग गिरणीचा मालक तरी कुठे देतो?"

"म्हणूनच थंय जाणंव नाय."

तारामाशाला पुढचं आणि मागचं असं काही नसतं. तो पाचांपैकी कुठलाही हात पुढे करून निघतो. खालच्या बाजूला दोऱ्याच्या टोकांसारखे शेकडो बारीक पाय असतात; ते निमूटपणे त्या हातामागे चालतात. कुठला हात पुढे होईल ते शेवटपर्यंत कळत नाही. गिरणगावच्या माणसासमोर अशी गोष्ट ठेवल्यावर दुसरं काय होणार? पैजा सुरू झाल्या. पैज चहाची, दुसरी कशाची परवडत नव्हती. पण पैज लावायची तर हातांना नावं हवीत. आमच्या तारामाशाचा एक हात कधीतरी तुटून पुन्हा उगवलेला होता, त्यामुळे बाकीच्यांपेक्षा आखूड. बाबांनी त्याचं नाव ठेवलं बदली, गिरणीत दुसऱ्याच्या जागी येणाऱ्या कामगाराचं. त्याच्या उजवीकडून पुढे पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी आणि शेवटचा रजा.

"बदली हलतोय! बदली हलतोय!"

"कसला हलतोय, पाणी हलतंय. टाकीवरनं कोपर काढ!"

"रात्रपाळी उठली रे!"

"रात्रपाळी कधी उठते? झोपलेली असते!"

बाई आठवड्यातून दोनदा येत. पैजांकडे त्यांचं लक्ष नाही असं त्या दाखवत. त्यांनी मातीत काही जागी बारक्या तिसऱ्या पुरून ठेवल्या, काही जागा रिकाम्या ठेवल्या. आणि खरंच, जिथे तिसरी होती तिथे तारामासा माती थरथरवत सरळ खाली गेला, हातांची टोकं तेवढी वर राहिली. निघून गेल्यावर मागे खोल, उकरलेला तारा. जिथे तिसरी नव्हती तिथे उथळ तारा. फोटोंत बघून आम्ही जे म्हणत होतो तेच. साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी टाकीत ताऱ्यांची एक देखणी रांग तयार होती. बाईंनी ती वाकून बघितली, म्हणाल्या, "आता कोणी हात लावू नका," आणि गेल्या.

दाजी त्या वेळी पोती मोजायला गोदामात गेले होते.

सकाळी साहेब आले. नागपूरकडचे, उंच, घामाघूम, बोलायला मऊ. सगळ्या पाळ्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. साहेब टाकीवर वाकले आणि म्हणाले, "वा!"

मीही वाकलो.

टाकीत सहा तारे होते. एकसारखे. सगळे हात समान, टोकं निमुळती, मध्यभाग किंचित उचललेला, कडा सुरीने कापल्यासारख्या. दोन ताऱ्यांमधलं अंतर सारखं. टाकीच्या चारी कडांना कमळाच्या पाकळ्यांची महिरप. तारामासा एका कोपऱ्यात, पोरक्यासारखा.

"काय रेखीव आहेत हो!" साहेब म्हणाले. "फोटोत असं कधी जाणवलं नाही. बाई, हे बघून माझी शंका फिटली असं म्हणायला हरकत नाही."

दाजी कानाला कोरणी लावून दारात उभे होते, आणि लाजत होते.

बाईंनी दाजींकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्यांच्याकडे काय नजरेने बघितलं असेल ते मला माहीत आहे. आमच्या घरी चूल त्या एका पगारावर पेटत होती, आणि साहेबांची शंका फिटली होती. कोणी काही बोलायचीच गरज नव्हती.

"साहेब," बाई म्हणाल्या, "हे ठसे तारामाशाचे नाहीत. हे दाजींचे आहेत."

साहेबांनी तारामाशाकडे बघितलं. "दाजी याचं नाव आहे?"

"नाही हो, माझं!" दाजी पुढे आले. त्यांना वाटलं, कौतुकाची पाळी आपली आहे. "पहाटे येऊन बसलो. रात्रपाळी घोरत होती. मोठे साहेब येणार, आणि त्याने तर सगळं वेडंवाकडं करून ठेवलेलं. एक हात आखूड, दुसरा लांब, मध्ये खड्डा. म्हटलं, चार लोकांसमोर हे असं ठेवायचं? त्याला काढून डब्यात ठेवला, पाणी उपसलं, माती सारखी केली, नीट काढून दिलं आणि पाणी हळूच परत सोडलं. आमच्या कारखान्यातून वाकडं काम बाहेर जात नाही."

"आणि खरे ठसे?"

"पुसले की!" दाजी अभिमानाने म्हणाले.

 साहेबांनी घड्याळ बघितलं. मी डोळे मिटले. तेवढ्यात बाबांचा आवाज आला, शुद्ध मराठीत. ते साहेब लोकांशी शुद्ध बोलत. "साहेब, बसा ना. पाळी आत्ताच बदलली आहे. निघेल तो."

साहेब जवळच्या पाटावर बसायला गेले. "त्यावर नको, तो गणपतीचा!" दाजी ओरडले. साहेब दचकून उठले आणि शेवटी पालथ्या बादलीवर बसले.

तारामासा काही निघेना. उकाडा वाढत होता. पाळ्यांची कुजबुज सुरू झाली. साहेबांनी विचारलं, "हे काय म्हणताहेत, बदली, रजा?" बाबांनी हातांची नावं सांगितली आणि पैजेची पद्धतही सांगितली. बाईंनी कपाळाला हात लावला.

"जिंकला तर?"

"बाकीचे त्याला चहा पाजतात."

"आणि हरला तर?"

"तो सगळ्या पाळीला पाजतो."

साहेबांनी बराच विचार केला. "मी रजेवर."

भिंतीजवळून हशा उसळला. "सरकारी माणूस दुसऱ्या कशावर लावणार!"

थोड्या वेळाने तारामाशाने आखूड हाताचं टोक उचललं. "बदली! बदली!" सगळे टाकीवर ओणवे झाले, साहेब सर्वांत पुढे. बदली पुढे झाला, मागोमाग बाकीचे चार, आणि तो सावकाश खिडकीच्या दिशेने दाजींच्या पहिल्या ताऱ्यावरून चालत गेला. "अरे, माझा तारा!" दाजी विव्हळले. पलीकडे बाईंनी पुरलेली एक तिसरी अजून शिल्लक होती. तिथे तो थांबला, माती थरथरली आणि तो खाली गेला. साहेबांचा चष्मा पाण्याला टेकायचा राहिला होता. मग तो वर आला आणि खिडकीकडे जायचं सोडून मोरीकडे निघाला. पण वळला मात्र नाही. अंग आहे तसंच ठेवून नुसता दुसरा हात पुढे केला. मोरीजवळ जाऊन पुन्हा बसला, पुन्हा उठला.

मागे दोन तारे उरले. वाकडे. दाजींच्या ताऱ्यांशेजारी ते फारच गरीब दिसत होते. दोन्हींमध्ये एक हात आखूड, आणि दोन्ही वेळा तो आखूड हात खिडकीच्याच दिशेला.

बाई मटकन खाली, शाडूने बरबटलेल्या फरशीवर बसल्या. पिशवीतून त्यांनी तो रांगेचा फोटो काढला, भिंग काढलं आणि एकेक तारा तपासत गेल्या.

"परब," त्या म्हणाल्या, "बघा."

मी बघितलं. समुद्राच्या तळावरच्या त्या रांगेत प्रत्येक ताऱ्याचा एक हात थोडा तोकडा होता. सगळ्या ताऱ्यांचा एकाच दिशेचा. इतके दिवस आम्ही त्याला दिव्याची तिरकी सावली समजत होतो. दाजींचे सारख्या हातांचे तारे समोर नसते तर अजूनही तेच समजत राहिलो असतो. रेशनच्या रांगेत सहा जण बसतील, पण सहाही जणांचा तोच हात आखूड कसा असेल? हा एकटाच होता. बसत, उठत, न वळता, आपल्या वाटेने गेलेला.

साहेबांनी भिंगातून बघितलं. "म्हणजे एकच प्राणी."

"कदाचित," बाई म्हणाल्या.

"कदाचित? आता तुम्हीच शंका काढता?"

"फोटो एकच आहे, साहेब. अजून बघावे लागतील."

साहेबांनी सगळ्या पाळीला चहा पाजला, दाजींनाही पाजला, आणि विभागाबद्दल चकार शब्द न काढता निघून गेले.

संध्याकाळी घरी मी धुमसत होतो. "बाई गप्प राहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? त्यांची शंका फिटली होती!"

बाबा पेजेचा वाडगा पुढ्यात घेऊन बसले होते. "तुझी नोकरी घालवत होती ती. मी बघत होतंय." मग बराच वेळ पेज ढवळत राहिले. "गिरणीत असती तर आमच्याबरोबर बाहेर पडली असती." याहून मोठी पदवी त्यांच्यापाशी नव्हती.

संपाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाबा गिरणीत परत गेले नाहीत. गिरणीच राहिली नाही. पुढे हिंदमाताजवळ एका साडीच्या दुकानात ते घड्या घालत आणि गिऱ्हाइकाला सुताचा पोत न विचारता सांगत. ते सगळं लिहायला मला आणखी एक वर्ष लागेल. आज फक्त तो दिवस लिहितो, ज्या दिवशी बाई न कळवता लालबागला आल्या.

दुपार होती. टाकीभोवती दुसरी पाळी बसली होती. बाई दारातूनच म्हणाल्या, "परब, आपला विभाग राहिला. साहेबांनी लिहिलंय, काम अपुरं आहे, म्हणून चालू ठेवावं."

 बाबांनी बादली पालथी घालून पुढे सरकवली. "बसा बाई. चहा सांगतो."

"नको," बाई म्हणाल्या. "चहा मी पैज लावून पिईन."

 बाईंनी पातळाचा पदर खोचला, चष्मा पुसला आणि टाकीत बघितलं.

"कुठल्या हातावर?" बाबांनी विचारलं.

"रात्रपाळी."

"बाई, कायद्याने बायकांना रात्रपाळी नाही."

"मग हा माझा गुन्हा समजा."

पैजा लागल्या. तारामासा हलेना. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, दोघेजण उठून पाणी आणून आले, दाजींनी गणपतीच्या एका मातीच्या उंदराला शेपूट लावलं. तारामासा आपला तिथेच. पाळीतले एकेक जण कंटाळून मागे टेकले. बाई तशाच वाकलेल्या.

"आज नाय हलत तो," बाबा म्हणाले. "सोडा, बाई."

"थांबा. तो विचार करतोय."

"विचार करूक त्येका डोक्या खंय आसा?"

"म्हणून तर वेळ लागतोय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी टाकीवरून नजर काढली नाही.